एस.टी.वाल्या पोरींची कंडक्टर

नाझनीनला गप्प बसवणारा माणूस आमच्या रूटवर तरी जन्मला नव्हता. एस.टी.त पाय ठेवला की दारातूनच सुरू व्हायची, "ओ काका, पाय आत घ्या. मावशी, पिशवी मांडीवर घ्या, तिला कुठं पास हाय?" बघता बघता आम्हा पोरींना जागा व्हायची. खऱ्या कंडक्टरनेही तिच्यापुढे हात टेकले होते. मग तिलाच सगळे कंडक्टर म्हणायला लागले.

केडगावच्या आमच्या शाळेत पोरींचे दोन तट होते, स्कूटीवाल्या आणि एस.टी.वाल्या. स्कूटीवाल्यांची पुढारी सानिका. ती जी क्लिप लावेल ती चार दिवसांत वर्गभर दिसायची. नववीत तिने मला गॅदरिंगच्या नाचात घेतलं आणि लगेच काढूनही टाकलं. कारण प्रॅक्टिस शाळा सुटल्यावर, आणि आमची शेवटची गाडीही तेव्हाच. "तुम्हाला जमणारच नाही ना गं," ती गोड आवाजात म्हणाली. असा राग आला होता म्हणून सांगू! एस.टी.वाली पोरगी त्या स्टेजवर कधी चढलीच नव्हती.

मी स्टॉपवर येऊन रडले. कंडक्टर म्हणाली, "रडून गाडी लवकर येती व्हय? ठेव दप्तर. आपन आपला नाच बसवू."

तिथेच, स्टॉपवर, आमची प्रॅक्टिस सुरू झाली. मोबाईल रसवंतीच्या टेबलावर ठेवायचा आणि गाडी येईपर्यंत नाचायचं. रसवंतीवाले मामा आमच्या चुका काढायचे. गाडी उशिरा आली की इतर प्रवासी शिव्या घालायचे आणि आम्ही खूश. मला वाटलं होतं, मधली जागा कंडक्टर स्वतः घेणार. तर म्हणाली, "मधी तू. मी मागं. मला समद्यांवर नजर ठेवायची हाय."

राहिला गॅदरिंगच्या दिवसाच्या गाडीचा प्रश्न. तिने बाईंकडे जाऊन पहिला नंबर मागून घेतला. तो कुणालाच नको असतो, कारण तेव्हा लोक खुर्च्या शोधत असतात. आमच्याही वेळी शोधतच होते. पण गाणं सुरू झालं आणि जो तो उभा होता तिथेच थांबला. नाच संपला तसा एकच गलका झाला, "वन्स मोअर!" मी घड्याळाकडे बघून कंडक्टरला म्हटलं, "अगं, गाडी जाईल."

"जाऊ दे गेली तर. दुधाचा टेम्पो हाय की. नाच."

आम्ही दुसऱ्यांदा जीव तोडून नाचलो. मग टेम्पोत रिकाम्या कॅनच्या मधे दाटीवाटीने उभ्या राहून निघालो, तर सानिका धावत फाटकाशी आली. "नाझनीन, पुढच्या वर्षी मला घेशील तुमच्यात?"

"घेईन की," कंडक्टर टेम्पोतून म्हणाली. "पन प्रॅक्टिस मधल्या सुट्टीत."

आता ती पोलीस भरतीच्या तयारीला पुण्यात असते आणि तिच्यावाचून आमची गाडी फार शांत वाटते. माझी धाकटी बहीण त्याच शाळेत, त्याच गाडीने जाते. यंदा ती नाचात मधे उभी आहे. प्रॅक्टिस अजून मधल्या सुट्टीतच होते.