तारेच्या घासणीने घासलेला फ्लास्क

सातपूरच्या एका प्रयोगशाळेत मी काचेची भांडी धुते. तिथे फळांच्या रसाची भुकटी करून तपासतात. जाड काचेच्या, रुंद तोंडाच्या फ्लास्कमध्ये रस गोठवायचा, वर रबरी टोपण बसवायचं आणि फ्लास्क यंत्राच्या तोटीला लावायचा. यंत्र आतली हवा ओढून घेतं. बर्फाचं पाणी होतच नाही, तो तसाच उडून जातो आणि भुकटी उरते. जांभळाची भुकटी तर इतकी सुरेख दिसते, की धुवायचा फ्लास्क हातात आला तरी मी थोडा वेळ बघत बसते.

माझं माहेर पेठकडचं. तिथे भांडं लख्ख झालं तरच बाईने काम केलं म्हणतात. मऊ ब्रशने डाग निघेनात, म्हणून मी घरून तारेची घासणी नेली. फ्लास्क चकचकीत झाले. मला बरं वाटलं.

एक दिवस मॅडम नव्या सरांना सांगत होत्या, "ओरखडा असलेला फ्लास्क लावायचा नाही. आत हवा नसते, बाहेरची हवा काच दाबते. फुटला तर काचा तोंडावर येतील."

सरांच्या हातात द्राक्षाच्या रसाचा फ्लास्क होता. तो मी आदल्याच दिवशी तारेने घासला होता.

मला चारचौघांत बोलता येत नाही. मॅडमशीसुद्धा 'हो' आणि 'झालं' एवढंच. सांगितलं तर काम जाईल, असं वाटलं. पण सर तोटीकडे वाकले. मी जाऊन यंत्रापुढेच उभी राहिले.

"मावशी, सरका ना जरा."

"तो नका लावू."

"का?"

"तारेने घासलाय मी."

मॅडमनी फ्लास्क उजेडात धरला. तळाशी बारीक रेघा होत्या.

"कधीपासून घासताय असं?"

"गणपतीपासून."

"घरची कढई वाटली का, मावशी?" सर हसले.

मॅडम हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. सरांनी रस वितळू दिला आणि दुसऱ्या फ्लास्कमध्ये ओतून पुन्हा गोठवायला ठेवला. सरांचा अर्धा दिवस त्यात गेला.

डबा खाल्ल्यावर मी आपणहून कपाट उघडलं. एकेक फ्लास्क खिडकीशी धरून पाहिला. मग मॅडमच्या टेबलापाशी गेले.

"अजून चार आहेत."

आवाज जरा मोठाच निघाला. सरांनी मान वर केली. मॅडमनी शेजारची खुर्ची ओढली.

"बसा. एकेक दाखवा."