गेमच्या फळीवरचं अस्वल

मोहफुलं वेचताना अस्वलाने बाबांना गाठलं, त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि बाबा अंगणाच्या फाटकाबाहेर पडेनासे झाले. घरात त्या जनावराचं नाव कुणी घेत नव्हतं. वेळ आलीच तर आई ‘ते’ म्हणायची.

मी गोंदियात फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करायची. बंद पडलेल्या व्हिडिओ गेमच्या दुकानातून मी गेम खेळायची एक दांडी, सहा बटणं आणि आतलं सर्किट भंगारात आणलं. बाबांना सुतारकाम येत होतं. त्यांनी डाव्या हाताने प्लायची पेटी केली, जुना टीव्ही बसवला, पुढच्या फळीला दांडी-बटणांची भोकं पाडली. दिवाळीनंतर गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, ही पेटी मांडायची आणि शेजारी स्वतः बसायचं, हे त्यांनी कबूल केलं. आम्हा मायलेकींना तेवढंच हवं होतं.

फळीवरचं चित्र काढणं माझ्याकडे होतं. भोकांवर कागद ठेवून, पेन्सिल घासून मी ठसे घेतले. शहरातले ड्रॅगन-बिगन मला नको होते. आपल्याकडची पोरं ज्याला भितात तेच काढलं तर गर्दी होईल, असं वाटलं. अक्कल गहाण ठेवून मी अस्वल काढलं. दांडीचं भोक उघड्या जबड्यात, बटणं नखांवर. किती नेमकं बसलं म्हणून स्वतःवर खूशही झाले.

प्रिंट हातात आली आणि पहिल्यांदा मला ती बाबांच्या डोळ्यांनी दिसली. मंडई दुसऱ्याच दिवशी होती आणि भारनियमनामुळे दुकानातली लाइट गेली होती; दुसरं चित्र छापणं शक्य नव्हतं. बसमध्ये गुंडाळी मांडीवर धरून मी एकच विचार करत होते. हे बघून बाबा आत गेले, तर पुन्हा बाहेर येणार नाहीत.

घरी गुंडाळी कुठे लपवावी ते बघत होते, तेवढ्यात बाबांनीच ती घेऊन खाटेवर उलगडली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आईने माझ्याकडे असं पाहिलं की भिंतीत शिरावंसं वाटलं.

‘कायले काढलीस वं हे?’ बाबांनी विचारलं.

मी रडायलाच लागले. ते मात्र चित्रावरून नजर काढीनात.

‘कान बारके झाले,’ शेवटी म्हणाले. ‘अन् छातीवर पांढरा पट्टा राहते. जवळून दिसते.’

मग पांढऱ्या ऑइलपेंटने तो पट्टा त्यांनीच काढला. त्या रात्री ते जेवले नाहीत.

मंडईत पेटीभोवती पोरं जमली, पण दांडीला हात लावायला एकही पुढे येईना. जबडा बघून सगळी मागे सरत होती. बाबा स्टुलावर अंग चोरून बसले होते. आता ते उठून घरी जातात, असं मला वाटलं.

एका चिमुरडीने विचारलं, ‘काका, काय होय हे?’

बाबा उठले. तीन बोटांचा हात त्यांनी त्या जबड्यात घातला आणि दांडी धरली.

‘अस्वल होय,’ ते म्हणाले.

चार वर्षांत तो शब्द आम्ही त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. दांडीबरोबर पडद्यावर गेममधलं विमान जागच्या जागी हलत होतं. आईने माझं मनगट धरलं. बाबांनी हात काढला नाही.