पाळीवरचा माणूस

"वाचा. मोठ्याने वाचा. सगळ्या पालकांना कळू द्या."

संस्थेच्या अध्यक्षांनी कागद माझ्या छातीला लावला आणि हात काढून घेतला. कागद खाली पडला. मी वाकून उचलला.

शाळेची सभा होती. बाया-माणसं सतरंजीवर, अध्यक्ष खुर्चीवर. मी तिसरीत शाळा सोडली हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आम्ही एकाच वर्गातले. ते पुढच्या पट्टीवर बसत. मला गुरुजींनी दारापाशी बसवलं होतं, ढिवराच्या पोराच्या अंगाला माशाचा वास येतो म्हणून. दारापाशी बसलेल्या पोराला बाहेर पडायला किती वेळ लागतो? एक दिवस पडलो. परत गेलो नाही.

कागद शाळेचाच होता. उन्हाळ्याच्या सुटीत पोरापोरींकडून खेळाचा सराव करून घ्यायचा तर कसा घ्यायचा, त्याचे नियम. ऑफिसात काचेच्या आत लावलेला. मी सभेत उठून एवढंच विचारलं होतं, "अजी साहेब, हा कागद पोरींसाठी हाये का काचेसाठी?"

त्यावर हे.

मी वाचलं. बोट ठेवून. स-रा-व. स-का-ळी. मागे कोणीतरी खुदकन हसलं. मग पुढचे हसले. खेळाचे सर रुमाल तोंडाला धरून हसले. एका जोडाक्षरापाशी मी अडकलो तर अध्यक्ष म्हणाले, "राहू द्या. तुम्ही मासे धरा. नियमांचं आम्ही बघतो."

माझे कान तापले. पाय म्हणत होते, चाल, दार तिकडे आहे. साठ वर्षांपूर्वी याच पायांनी माझं ऐकलं नव्हतं. या वेळी मी त्यांचं ऐकलं नाही. बोट त्याच अक्षरावर ठेवलं आणि पुढे वाचत गेलो. सराव सकाळी आठच्या आत संपवावा. दर वीस मिनिटांनी पाणी द्यावे. चक्कर आल्यास खेळाडूस तात्काळ सावलीत न्यावे. एका जबाबदार व्यक्तीने केवळ लक्ष ठेवण्यासाठी हजर राहावे. लोक हसून हसून थकले, मी वाचतच होतो.

ही शेवटची ओळ वाचली आणि माझ्या अंगावर काटा आला. कारण हा नियम मला ठाऊक होता. कागद छापायच्या कितीतरी आधीपासून.

आमच्यात तलावात जाळं ओढायला उतरलो की एक माणूस उतरत नाही. तो पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर बसतो. पाण्यातली डोकी मोजतो. दुसरं काही करायचं नाही, बिडीसुद्धा प्यायची नाही. एक डोकं कमी दिसलं की ओरडायचं. वाटणीत त्याला सगळ्यांएवढेच मासे. नव्या पोरांना वाटतं, हा फुकटचा खातो.

मलाही वाटलं होतं. वीस वर्षांचा असताना मला पाळीवर बसवलं. जाळ्यात मोठा वाडा मासा लागला, आरडाओरड झाली आणि मी पाळ सोडून पाण्यात उडी घेतली. मासे धरले. दोन्ही हातांनी धरले. पाण्यात उतरलेला धाकटा भाऊ संध्याकाळी गाळात सापडला.

आई मेली तोपर्यंत मला काही बोलली नाही. तिने बोलायला पाहिजे होतं.

आता या उन्हाळ्याचं सांगतो. माझी नात काजल नववीत आहे. तिचा बाप ट्रकवर, महिना महिना घरी नाही. पोरगी शाळेच्या फुटबॉल टीममध्ये. शेताच्या धुऱ्यावरून पळून पळून पाय असे झाले की बॉल तिला सोडून जात नाही. जिल्ह्याच्या टीममध्ये जायचं म्हणून झोपेतही लाथा मारते. पावसाळ्यात सामने, म्हणून सुटीत सराव. नवतपा लागलेला, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. बैलसुद्धा आम्ही नऊ वाजता सोडतो. आणि सर येत साडेआठला. पोरी अकरापर्यंत मैदानात. पाणी मैदानाचे दहा चक्कर झाल्यावर. आधी मागितलं की अजून दोन चक्कर. "असंच अंग बनतं," सर म्हणत. "आम्हीही असेच घडलो."

आठव्या चकरीला काजल पडली. सर कडुनिंबाखाली मोबाईलवर होते. तिथूनच म्हणाले, "नाटकं नको. ऊठ." एक पोरगी रडत आमच्या घरी आली. मी गेलो तेव्हा काजल उन्हातच होती. अंग तव्यासारखं आणि घामाचा थेंब नाही. अंगावर पाणी ओतत, गमछा ओला करून डोक्याला बांधत ऑटोने लाखनीच्या दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं. संध्याकाळी तिने डोळे उघडले आणि पहिलं काय बोलली?

"आबाजी, सरले काही म्हणू नका. मले टीममधून काढतीन."

मेली असती पोरगी. आणि भीती तिला टीमची.

म्हणून सभेत उठलो होतो. कागद वाचून झाला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "शाब्बास. झालात पास. बसा आता."

मी म्हणलो, "बसतो. पण इथं नाई. मैदानात बसन."

दुसऱ्या दिवशी पहाटे माठ घेऊन मैदानाच्या कडेला बसलो. काजल पंधरा दिवस घरीच राहणार होती, डॉक्टरचा हुकूम. बाकी सतरा पोरी. त्या पहाटेपासूनच आलेल्या, सर साडेआठला. सर आले, मला पाहिलं.

"आजोबा, बाहेरच्या माणसाला इथे परवानगी नाही."

"पोरी बाहेरच्या हायेत का?"

"काय करताय तुम्ही?"

"मोजून राहिलो."

"घ्या मोजून," ते हसले आणि शिटी वाजवली. मी उठलो. मैदानाच्या बरोबर मध्ये, चुन्याच्या गोलात, माठ ठेवला आणि मांडी घालून बसलो. बॉल येऊन माझ्या गुडघ्याला लागला. मी तो मांडीत घेतला.

"सर, आठ वाजून गेले. तुमचाच कागद हाये. मीच वाचला, तुम्ही ऐकला."

"उचला यांना!"

कोण उचलणार? पोरी उभ्या. मग एक पुढे आली, माठातून गडवाभर पाणी घेतलं आणि सरांकडे पाहत पाहत प्यायली. मग दुसरी. सतराही प्यायल्या. एकीने गडवा मला दिला. "आबाजी, तुम्ही बी प्या ना. तुम्ही पडले त आम्हाले कोण मोजन?"

तिसऱ्या दिवशी काजलचं नाव टीममधून गेलं. ऑफिसच्या त्याच काचेत नवी यादी. अध्यक्षांनी निरोप पाठवला, माफी मागा, नाव परत येईल.

काजल माझ्याशी बोलत नाही. ताट ठेवते, तोंड फिरवते. एकदाच बोलली, "तुमच्या हट्टापायी झालं." खरं आहे. मी तिला सांगितलं, "पोरी, मी एकदा पाळ सोडली होती." ती ताट उचलून आत गेली. मी समजावलं नाही.

माफी मागणार नाही. अक्षर अडकतं म्हणून माणूस अडकत नाही. हे सगळं मी माझ्या हाताने लिहून राहिलो. चार दिवस लागले. हा कागद घेऊन मी तालुक्याला जाईन, तिथे नाही ऐकलं तर भंडाऱ्याला जाईन. तिथेही वाच म्हणाले तर बोट ठेवून वाचीन. हसले तर हसू द्या.

सर आता साडेपाचला येतात. आठला शिटी वाजते. माझ्या भीतीनेच येतात, येऊ द्या. मी उठत नाही. रोज सतरा डोकी मोजतो आणि अठरावं कमी आहे असं रोज ओरडून सांगतो. सरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. ते अठरावं मैदानात परत येईपर्यंत ओरडणार आहे. ते आलं की अठरा मोजणार आहे. पाळ सोडणार नाही.