जांभळा चौकोन

धाकूतात्या कुणाला रामराम घालत नसे. समोरच्याला वरून खाली न्याहाळून विचारी, "कुठं दुखतंय?" धडधाकट माणसालाही मग कुठेतरी दुखू लागे. चुलीत लाल केलेल्या विळ्याच्या टोकाने डाग द्यायचा, हे त्याचं काम. बैलांपासून पाटलापर्यंत अर्धं पोशीर गाव त्याने डागलं होतं. मी तिथे मास्तर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी त्याने माझ्या पोटऱ्यांकडे इतक्या प्रेमाने पाहिलं की मी महिनाभर धोतर घोट्यापर्यंत सोडून हिंडलो.

"डाग कातडीला नसतो, मास्तर," तो सांगे. "घाबरल्या जिवाला असतो."

पुढे त्याचीच कंबर धरली. लघवी अडे, उताणं निजता येईना. त्याची बायको बायजाकाकी हिने त्याच्याच विळ्याने चार डाग दिले. "हात हलका हाय गं तुजा, बैल हसंल," एवढंच तो म्हणाला. दुखणं मात्र हललं नाही.

शेवटी मी दोघांना मुंबईच्या इस्पितळात नेलं. मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा कर्करोग हाडांत उतरला होता. डॉक्टर म्हणाले, "बरे होणार नाहीत. पण किरणांनी कंबरेची कळ उतरेल. उताणे निजतील." त्यांनी कंबरेवर जांभळ्या शाईने चौकोन आखला. किरण सोडायचे ते तेवढ्याच जागेवर. "इथे पाणी लावायचं नाही," त्यांनी काकीला बजावलं.

यंत्राखालून तात्या आला तो रुसून. "धूर नाय, वास नाय, चटका नाय. ह्यो कसला डाग? उगाच निजवला मला."

तीन आठवड्यांनी आम्ही गावी परतलो. दुपारी जेवून तात्या ओटीवर उताणा पडला आणि घोरू लागला. काकी उंबऱ्यात बसून ऐकत राहिली. "लगीन झाल्यापासून ह्या घोरण्याला शिव्या घातल्या मी," म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

आठ दिवसांनी ती वाटी घेऊन शाळेत हजर. "मास्तर, जांभळी शाई द्या. चौकोन फिका पडलाय."

मी समजावलं, गुण किरणांचा, शाईचा नव्हे. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि वाटी पुढे केली. मग दर सोमवारी ती काडीने चौकोन गिरवू लागली. महिन्याभरात त्याचा पार पतंग झाला.

मी तात्याला म्हटलं, "तुम्ही तरी सांगा तिला."

"मला ठाव हाय वो," तो हसला. "पर घाबरला जीव कुनाचा हाय, ते बगा की."

भातझोडणीपर्यंत तो सुखाने निजला. मग गेला.

अंघोळ घालताना आम्ही त्याला कुशीवर वळवलं. तांब्या माझ्या हातात होता. काकी हळूच म्हणाली, "तितं नको, मास्तर. डाक्टरनं सांगितलंय."

मी शिकलेला माणूस. चौकोनाच्या कडेकडेने पाणी सोडत राहिलो.