श्रावणातलं रक्त

मधुदादा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी लांज्याच्या स्टँडवर रत्नागिरीच्या एसटीची वाट बघत होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, थांबले नाहीत हो ते..." मला दुःखाच्या आधी रागच आला. अजूनही येतो.

मधुदादा माझा थोरला चुलतभाऊ. सारी नोकरी बोटीवर, इंजिन रूममध्ये. निवृत्त होऊन रत्नागिरीत आला तो खाण्याची हौस घेऊनच. रविवारी मटण, एरवी तळलेली सुरमई, संध्याकाळी पेग. कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पण दादाचं शास्त्रच वेगळं! श्रावण तो कडक पाळायचा. ना मासळी, ना दारूचा थेंब. आणि श्रावण सरला की लगेच उपाशीपोटी लॅबमध्ये रक्त तपासायला हजर. रिपोर्ट अर्थातच गोजिरवाणा. तो माझ्यापुढे नाचवत म्हणायचा, "तेल स्वच्छ म्हणजे इंजिन ठणठणीत, समजलास मेल्या?" गोळ्या गेल्या कपाटात. आम्हाला त्याची गंमत वाटायची.

यंदा ज्येष्ठात बंदरावरून घरचा चढ चढताना छातीत भरून यायला लागलं. "पित्त आहे," म्हणे. वहिनींनी हातापाया पडून सांगितलं, आज तरी दाखवा. तर म्हणाला, "आता रक्त काढलं तर डॉक्टर ओरडेल गो. श्रावण होऊ दे, मग जाऊ." म्हणजे अभ्यास झाल्यावरच परीक्षेला बसणार! आषाढच त्याने ओलांडला नाही.

छातीत कळ आली म्हणून हॉस्पिटलात नेलं, अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या तिन्ही रक्तवाहिन्या चोंदलेल्या. मी जुने रिपोर्ट पुढे केले, सगळे चांगले होते हो! डॉक्टर म्हणाले, "आकडे बरे असले तरी आतलं दुखणं मोठं असू शकतं. त्यात हे महिनाभर पथ्य पाळून दिलेलं रक्त. बाकीच्या वर्षाचं काय?" मी रिपोर्ट परत पिशवीत घातले. बायपाससाठी कोल्हापूरला न्यायचं ठरलं. मी माझे कपडे आणायला घरी लांज्याला आलो, तेवढ्यात सगळं आटोपलं...

श्रावण सरल्यावर वहिनींकडे गेलो होतो. घरात अजून मासळी शिजत नाही. बोलत बसलो असताना दादाचा मोबाइल वाजला. वहिनींनी स्पीकर लावला. दरवर्षी दादाचं रक्त काढणारी लॅबमधली मुलगी होती. "काका, श्रावण संपला ना? उद्या सकाळी या, काही खाऊ नका हां!"

 वहिनी म्हणाल्या, "सांगते हो त्यांना." आणि मोबाइल चार्जिंगला लावून ठेवला.