नागरत्नाअक्का आणि किरणांची मात्रा

देण्यात औदार्य असते हे सर्वमान्य आहे. परंतु देता देता योग्य ठिकाणी हात आवरण्यातही एक औदार्य असते, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. जुन्या वैद्यकपरंपरेने या गुणाला मानाचे स्थान दिले आणि त्यास मात्राज्ञता म्हटले. कोणते औषध द्यावे हे जाणणे ही विद्या. किती द्यावे हे जाणणे हा विवेक. बिदरच्या नौबाद भागातील एका तपासणी केंद्रात सीटी स्कॅनच्या यंत्रापाशी उभे राहून नागरत्नाअक्कांनी एकोणीस वर्षे हा विवेक सांभाळला. त्यांचे स्मरण करताना मन कृतज्ञतेने ओले होते, आणि ही कृतज्ञता एकट्याची नाही. या सीमाभागातल्या कितीतरी घरांची आहे.

अक्का हुमनाबाद तालुक्यातल्या दुबलगुंडीच्या. घर बसवमार्गी, म्हणजे लिंगायत; वडिलांचे छोटे किराणा दुकान. कलबुर्गीला राहून त्यांनी क्ष-किरणविद्येची पदविका घेतली, काही वर्षे साध्या एक्स-रेचे काम केले आणि मग नौबादच्या केंद्रात सीटीचे यंत्र आले तेव्हा त्याच्याशी त्यांची जी गाठ पडली ती अखेरपर्यंत.

या यंत्रात क्ष-किरणांचा झोत देहाभोवती फिरतो आणि आतल्या अवयवांची चित्रे उभी राहतात. किरण फार थोडे असतील तर चित्र धूसर येते; गरजेहून अधिक असतील तर चित्र सुरेख येते, पण देहावर अकारण भार पडतो. यंत्र देहाची घनता पाहून ही मात्रा आपणहून ठरवते. तथापि खुब्यात धातूचा गोळा किंवा मांडीत सळई असली की त्याची फसगत होते. धातू दिसताच ते किरण वाढवीत जाते. धातूच्या आरपार तरीही फारसे दिसत नाही. भोवती काळ्यापांढऱ्या रेघांचे जाळे पसरते, आणि वाढीव किरण मात्र माणसाच्या वाट्याला येतात. अशा वेळी यंत्राला वरची मर्यादा हाताने घालून द्यावी लागते, चित्र नेमके कुठून कुठपर्यंत हवे ते आखावे लागते, रेघा पुसण्याची यंत्रातली सोय आठवणीने वापरावी लागते. अक्का हे सारे जाणत. औरादकडचे कोणी म्हणे, “एवढ्या लांबून आलाव अक्का, डोक्यापासून टाचेपर्यंत एकदाच काढून टाका की!” त्यावर त्या विचारीत, “बाजारला गेलास म्हणून सगळा बाजार घरी आणतोस व्हय?”

अशा जाणत्या बाईच्या हातून एकदा चूक झाली. त्या चुकीशिवाय हे चरित्र अपुरे राहील.

आठ वर्षांपूर्वी, मार्गशीर्षातल्या एका सकाळी दुबलगुंडीचे गुरप्पा आपल्या मुलाचा, सुनीलकुमारचा, हात धरून केंद्रात आले. वय एकाहत्तर, अक्कांच्या वडिलांचे स्नेही. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलून धातूचा गोळा बसवला होता. आता आठवडाभर ताप होता, आणि उजव्या कुशीतून जांघेत उतरणारी अशी कळ की पाऊल टेकवेना. धातूच्या गोळ्याभोवती पू धरला असेल तर गोळा काढावा लागणार होता, आणि मग गुरप्पांचे चालणे संपले असते. सगळे घर त्या भयाने गोठले होते. उत्तर स्कॅनमध्ये होते.

गुरप्पांच्या गळ्यात, पोटापर्यंत उतरणाऱ्या पांढऱ्या दोऱ्यात ओवलेल्या चांदीच्या डबीत, दीक्षेत मिळालेले इष्टलिंग होते. तपासणीपूर्वी अंगावरचा धातू उतरवायला सांगणे हा अक्कांचा नित्याचा पाठ. म्हाताऱ्याने आडवे होताच दोन्ही हात डबीवर घट्ट ठेवले आणि विचारले, “हे काढ म्हणणार न्हाईस ना, पोरी?”

ज्या घरात लिंगाविना पाणीही घेत नाहीत अशा घरातली ती लेक. तिची जीभ रेटली नाही. “न्हाई अप्पा, राहू द्या,” ती म्हणाली. त्या संकोचात तिने नजरही खाली घेतली, आणि खुब्याच्या धातूसाठी मर्यादा घालायचे राहून गेले.

चित्रे वाचणाऱ्या डॉक्टर विजयश्रींनी काही क्षणांतच अक्कांना आत बोलावले. “अक्का, वर चांदी, खाली खुब्याचा गोळा, बाजूंना दोन हात. नुसत्या रेघा आहेत. यात मी काय वाचू?” पडद्याच्या कोपऱ्यात यंत्राने दिलेल्या किरणांचा आकडा उमटला होता. तो नेहमीच्या जवळजवळ दुप्पट होता.

अक्का बाहेर आल्या, बाकावर गुरप्पांच्या शेजारी बसल्या आणि पुन्हा एकदा चित्र काढावे लागेल असे त्यांनी सांगितले.

“दुसऱ्यांदा कामून?” सुनीलकुमार उसळला. “मशीन बिघडलंय व्हय?”

“मशीन चांगलं हाय, सुनील. मीच बिघडले. अप्पांना डबी काढा म्हणायची मला लाज वाटली. त्यापायी त्यांच्या अंगाला फुकटचे किरण लागले. चूक माझी हाय.”

गुरप्पांनी मान हलवली. “आणि आता काढ म्हणायलीस. ते जमणार न्हाई. दीक्षेपासून एक दिस अंगावेगळं झालं न्हाई. खुबा बदलताना सुद्धा मनगटाला बांधून घेतलो मी. त्यापेक्षा घरी जातो. पू असंल तर असंल.”

अक्कांनी विचारले, “अप्पा, सकाळी पूजेला लिंग कुठं असतं?”

“हे काय विचारणं झालं? डाव्या तळहातावर.”

“मग आत्ताही तिथंच राहू द्या. डबी तेवढी सुनीलच्या हातात. लिंग कापडात घेऊन तुमच्या तळहातावर, आणि दोन्ही हात डोक्यावर. किरण पोटावर फिरतील, हातापर्यंत येणार न्हाईत.”

“म्हणजे बसून करतो ते आज झोपून.”

“व्हय. आणि मी सांगेन तेव्हा श्वास धरायचा.”

म्हातारा प्रथमच हसला. “श्वास धरायला तू शिकवतीस व्हय गं मला? पूजेत पन्नास वर्षं धरायलोय!”

अक्कांनी हात धुतले आणि उशीवर घालण्यासाठी धुऊन ठेवलेल्या पांढऱ्या कापडातून चौकोनी तुकडा फाडला. गुरप्पांनी स्वतःच्या हाताने लिंग त्यात घेतले. डॉक्टरांना हवे तेवढेच, मूत्रपिंडापासून खुब्यापर्यंतचे, अंतर अक्कांनी आखले. यंत्राला मर्यादा घातली. रेघा पुसण्याची सोय चालू केली. म्हाताऱ्याने श्वास धरला. अक्काही, काचेपलीकडे, नकळत श्वास धरून उभ्या होत्या.

या वेळी चित्र बोलले. गोळ्यापासून दोन बोटांवर, मूत्रनलिकेच्या शेवटच्या टोकाशी, तुरीच्या दाण्याएवढा खडा अडकला होता. गोळ्याभोवती पू नव्हता. यंत्राच्या कोपऱ्यातला आकडा पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी होता. खडा पुढच्याच आठवड्यात दुर्बिणीने काढला गेला, ताप उतरला, गोळा जागच्या जागी राहिला.

संक्रांतीनंतर गुरप्पा आपल्या पायांनी केंद्राच्या पायऱ्या चढून आले. सुनीलकुमारच्या खांद्यावर नव्या तुरीच्या डाळीचे पोते होते. अक्का नको नको म्हणू लागल्या तशी म्हातारा म्हणाला, “किरण कमी दिलीस ते बरं केलीस. डाळ कमी घेऊ नको.” अक्कांनी सबंध पोते ठेवून घेतले. त्या वर्षी केंद्रातल्या प्रत्येकाच्या घरी त्या डाळीचे वरण शिजले.

अक्कांनी ती चूक कधी झाकली नाही. कामाला नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला त्या ती स्वतः सांगत आणि म्हणत, “मान राखायचा म्हणून गप्प बसलात, तर ज्याचा मान राखला त्यालाच भोगावं लागतं.” आदरालाही मात्रा असते, आणि ती चुकली की आदर करणारा मोकळा सुटतो, हे त्यांनी त्या सकाळी जाणले होते. पुढे त्यांनी आणखी एक रीत पाडली. देहात धातू असलेल्या प्रत्येक रुग्णाला त्या एक पिवळे कार्ड देत. धातू कोणत्या अवयवात आहे, चित्र केव्हा आणि कोणत्या भागाचे काढले, किरण किती लागले, हे त्यावर कन्नड, मराठी आणि इंग्रजीत लिहिलेले असे. इथला माणूस आज कलबुर्गीला, उद्या लातूरला, परवा हैदराबादला जातो. आणि काढून झालेल्या चित्राची नोंद हाती नसली की सगळे नव्याने काढले जाते. ते टळावे एवढाच हेतू. भय मात्र त्यांनी कुणाला घातले नाही. “लागतो तो स्कॅन काढायचाच,” असे त्या ठामपणे सांगत.

गेल्या माघात हृदयविकाराने अक्का गेल्या. अंत्यदर्शनाला एकोणऐंशी वर्षांचे गुरप्पा काठी टेकत, पण चालत आले. “शरणु शरणार्थी,” बसवमार्गीयांचे एवढेच वंदन ते बोलले.

नौबादच्या त्या केंद्रात यंत्राशेजारच्या कपाटात पांढऱ्या कापडाचे चौकोनी तुकडे आजही धुऊन, घडी करून ठेवलेले असतात.