मूळ दाखल्याला प्लास्टिक नको

इंजिनिअरिंग कॉलेजच्या आत चौकशीची एक खिडकी आहे. तिथं बसणारा माणूस कायम नुकताच उठून गेलेला असतो. म्हणून पोरं गेटबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात येतात आणि काउंटरमागच्या बाईला विचारतात. त्यावरून तिचं नावच पडलं, चौकशीताई. वय चोवीस, शाळा नववीत सोडलेली, जीभ तिखट, पाय एका जागी ठरत नाहीत. मशीन कागद ओकतंय तेवढ्यात ती दहा पिना मारते, पेन शोधते आणि एखाद्या गिऱ्हाइकाला झापूनही घेते.

प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. सकाळपासून तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होता.

"तीन सेट काढ. प्रत्येक पानावर सही कर. सही फोटोवर जाऊ देऊ नकोस. बॉयलर सूट एक नंबर मोठा घे, पहिल्या धुण्यात आखडतो. बूट चामड्याचेच. कापडी बूट घालून वर्कशॉपला गेलास तर दारातून हाकलतील, आणि बरोबरच करतील, लोखंड पायावर पडलं की कळतं. ड्रॉइंगचा ड्राफ्टर नवा घेऊ नको. दुसऱ्या वर्षाची पोरं अर्ध्या किमतीत तुझ्या गळ्यात मारायला टपलेलीच आहेत. फक्त पट्ट्या काटकोनात बसतात का ते बघून घे."

"ताई, पहिल्या आठवड्यात तास होतात का?"

"होतात. पहिला आठवडा ओळखीपाळखीचा असं जो म्हणतो, तो वर्षभर गणिताच्या मागं धावतो. असे तीन बघितलेत मी. एक अजून धावतोय."

सगळे हसले. ती नाही हसली. तिचं लक्ष गेटकडं होतं. तिचा धाकटा भाऊ अकरा वाजता फाईल घेऊन आत गेला होता. शाळा संपल्यावर दोनदा परीक्षेनं त्याला हुलकावणी दिली. दोन वर्षं पंप दुरुस्तीच्या दुकानात हात काळे करत त्यानं अभ्यास केला आणि तिसऱ्या खेपेला नंबर लागला. पाचला प्रवेशाची खिडकी बंद होणार. तोवर नाव चढलं नाही तर जागा यादीतल्या पुढच्याला.

दीड वाजता तो आला. तोंड एवढंसं झालेलं.

"तायडे, प... परत पाठवलं."

"काय कमी होतं?"

"कमी न... नाही. जास्त झालं." त्यानं शाळा सोडल्याचा दाखला काउंटरवर ठेवला. दाखला चकाकत होता. चारी बाजूंनी प्लास्टिक, कोपरे कसे गोल कापलेले.

तिनं दाखला उचलला. दोन वर्षांपूर्वी दुकानात लॅमिनेशनचं मशीन आलं, तेव्हा पहिला कागद तिनं हाच घातला होता. घराचं छत गळतं, पेटीत ओल येते, भावाचा कागद शाबूत राहावा म्हणून. पुढं तिला नियम कळला. कॉलेज मूळ दाखल्याच्या पाठीवर 'प्रवेश दिला' असा शिक्का मारतं, शाई प्लास्टिकवर धरत नाही, म्हणून असा दाखला घेतच नाहीत. तेव्हापासून ती प्रत्येकाला घसा फोडून सांगत होती. जगाच्या फायली तपासल्या, आणि स्वतःच्या भावाला सकाळी घाईत नुसतं म्हणाली होती, "पेटीतून दाखला घे आणि नीघ."

"म्हणाले, शाळेतून दु... दुय्यम प्रत आण. पाचच्या आत."

दुकानात पडीक असलेला तिसऱ्या वर्षाचा लंबू पुढं झाला. "ताई, इस्त्री गरम करून सोलून काढू या?"

"सोल की. प्लास्टिकबरोबर शाई पण येते. मग कोरा कागद घेऊन नाच."

"मग एक सांगू?" त्यानं आवाज खाली आणला. "जाड कागद आहे, रंगीत मशीन आहे. हुबेहूब काढ. कोणाच्या बापाला कळणार नाही."

चौकशीताईनं मशीनकडं पाहिलं. पाच मिनिटांचं काम होतं. तिच्याइतकं सफाईनं ते गावात कोणी केलं नसतं.

"कॉलेज माझ्या काउंटरवरचा कागद डोळे मिटून घेतं," ती म्हणाली. "आज भावासाठी खोटा काढला, तर उद्या तुमच्या खऱ्यावर कोण विश्वास ठेवेल? परत असलं बोललास तर तुझ्या जर्नलची पानं उलटी लावीन. दुकान सांभाळ. दोन्हीकडून छापायचं असेल तर दुसऱ्या वेळेला कागद फिरवून घाल."

बसमध्ये ती बसलीच नाही. रिकामी सीट समोर असून दांड्याला धरून उभी राहिली, म्हणजे बस लवकर पोचेल. ती कोणापुढं उभी राहायला चालली आहे ते भावाला ठाऊक होतं.

ती नववीत आणि तो पाचवीत असताना गणिताच्या सरांनी त्याला फळ्यापुढं उभं केलं होतं. उत्तर त्याच्या ओठांवर अडकलं. सरांनी त्याची नक्कल केली, वर्ग हसला. मधल्या सुट्टीत तिच्या कानावर गेलं. तिनं सरांच्या हजेरीपटावर शाईची अख्खी बाटली रिकामी केली. हेडमास्तर म्हणाले, माफी माग नाहीतर येऊ नकोस. ती परत शाळेत गेलीच नाही. आणि आता ते गणिताचे सरच हेडमास्तर होते.

हेडमास्तरांच्या खोलीत सरांनी चष्म्यावरून पाहिलं. ओळख पटायला वेळ लागला नाही.

"तू?"

"मीच. सर, आधीच सांगते. माफी पाहिजे असेल तर मागते. दोनदा मागते. पण ह्याला पाचच्या आत दुय्यम दाखला पाहिजे आणि आत्ता तीन वाजलेत."

"माफीचं नंतर," सर म्हणाले. "अर्ज कुठाय?"

अर्ज भावानं लिहायला घेतला. कारणाच्या रकान्यापाशी त्याचा पेन थांबला. तिनं पेन ओढून घेतला आणि लिहिलं, 'बहिणीनं मूर्खपणा करून मूळ दाखला प्लास्टिकमध्ये बंद केला.'

सरांनी ते वाचलं. "तेव्हा इतकं नीट लिहिलं असतंस तर..."

"सर, तीन वाजून दहा."

सरांनी कारकुनाला हाक मारली, जुना दाखला जमा करून घेतला. रजिस्टर सापडेना. मग सापडलं तर त्यावर चहाचा कप. चौकशीताई खोलीत येरझाऱ्या घालत होती, कारकुनाच्या अक्षराला मनातल्या मनात शिव्या देत होती. एवढं सावकाश तर मूर्ती घडवतात.

सही करता करता सरांनी भावाला विचारलं, "कुठली शाखा?"

"मे... मे..."

तिच्या मुठी वळल्या. टेबलावर आजही शाईची बाटली होती. पण सर हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवला, हात बांधले आणि शब्द पुरा होईपर्यंत त्याच्याकडं पाहत राहिले.

"मे... मेकॅनिकल."

"शाब्बास," सर म्हणाले. मग तिच्याकडं न बघता, "तो हजेरीपट मी परत लिहून काढला होता. दोन रात्री लागल्या."

"बरं झालं," ती म्हणाली. दारापाशी पोचल्यावर मान फिरवून म्हणाली, "शाईबद्दल माफी, सर. बाकी कशाबद्दल नाही."

कॉलेजच्या खिडकीपाशी दोघं पोचली तेव्हा पाचला अठरा मिनिटं कमी होती. खिडकीतल्या कारकुनानं दाखला उजेडात धरला, उलटा केला आणि शिक्का आपटला. जांभळी शाई, ठसठशीत. भाऊ घडी घालायला निघाला तशी तिनं त्याच्या हातावर चापट मारली.

"वाळू दे आधी!"

तो हसला. ती पण हसणार होती. तेवढ्यात तिची नजर रांगेच्या शेवटाला गेली. एक बाप मुलीला घेऊन उभा होता, आणि त्याच्या हातातला दाखला लांबूनसुद्धा चकाकत होता. तिनं घड्याळ पाहिलं आणि लोकांना बाजूला सारत निघाली.

"काका, मुलीची शाळा कुठली? लांब आहे का जवळ? पटकन बोला!"